झोपवायचं का जागं ठेवायचं?

घरात सून भूल देणारी डॉक्टर असली, की किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. ते आपल्या पायानं घरी येतात! मीना, म्हणजे माझी सून, दवाखान्यातून आली की आधी हातपाय धुते, मग चहाचा कप घेऊन ओट्याला टेकते आणि म्हणते, "आई, आज काय झालं माहितीय का?" झालं! मग भाजी करपली तरी चालेल. आता तर इतके साठलेत, की एक सांगायला घेतला की मागचे चार त्याचा पदर धरून बाहेर येतात.

तिचं काम आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी शाळेत गेले नाही, मला समजलं तसं सांगते. मेंदूच्या नसेत रक्ताची गाठ अडकली, की माणसाचा हात जातो, पाय जातो, नाहीतर बोलणं जातं. आमच्या पिशोरला म्हणायचे, "अंगावरून वारं गेलं," आणि माणसाला खाटेवर टाकून ठेवायचे. आता डोकं न उघडता जांघेच्या नसेतून बारीक नळी घालतात, थेट मेंदूपर्यंत नेतात आणि गाठ ओढून काढतात. हे ओढायचं काम काझी डॉक्टरांचं. पण तेवढा वेळ पेशंटनं हलायचं नाही! मग त्याला पुरतं झोपवायचं, घशात नळी घालून मशीनवर श्वास द्यायचा? का थोडंसं औषध देऊन जागंच ठेवायचं? हे मीनानं ठरवायचं. तेही लगोलग, कारण तिकडं मेंदू सुकत असतो.

गेल्या संक्रांतीच्या आसपास हाच प्रश्न माझ्या उशाशी येऊन उभा राहिला. गाठ माझ्याच नसेत, आणि गेलं काय, तर बोलणं! अहो, हात गेला असता तर एक वेळ चाललं असतं. ते सांगतेच, पण आधी बाकीच्यांचं.

*

घशात नळी घालायची तर पेशंटचं तोंड नीट उघडायला पाहिजे. आपलीच तीन बोटं उभी करून तोंडात मावली, तर ठीक. म्हणून मीनाला एक खोडच लागली आहे. माणूस भेटला की त्याचं नाव नंतर, जबडा आधी! लग्नाच्या रिसेप्शनला स्टेजवर नवरा-नवरीला आहेर देऊन खाली आली की माझ्या कानात म्हणते, "आई, नवरी सोपी आहे. नवरदेवाची मान आखूड आहे, अवघड जाईल."

माझ्या भाचीला, सुवर्णाला, कन्नड गावचं एक स्थळ आलं. मुलगा बँकेत, घरी मोसंबीची बाग, दिसायला राजबिंडा. पोहे झाले, चहा झाला. मुलगा दात न दाखवता हसत होता, ओठ मिटून. आम्हाला वाटलं, लाजतो बिचारा. मीनाला काही वेगळंच वाटलं. ती एकदम म्हणाली, "जरा तोंड उघडता का?"

मुलानं आईकडं बघितलं आणि कसंबसं तोंड उघडलं.

"तीन बोटं घाला बरं आत."

मुलगा घामाघूम. एक बोट गेलं, दुसरं अडलं. गुटखा! खाऊन खाऊन गाल आतून लाकडासारखे झालेले. मुलाची आई तणतणली, "दात बघायला बैलबाजारातून आलात का वो तुमी?"

मी म्हटलं, "बाई, बैल गुटखा खात नाय."

स्थळ मोडलं. पण पोरगं मनाचं चांगलं निघालं. गुटखा सोडला, मीनाकडंच इलाज विचारून गेला. तिनं त्याला दातांच्या डॉक्टरकडं धाडलं. दाताखाली आईस्क्रीमच्या काड्या ठेवायच्या, रोज एक वाढवायची, असा व्यायाम. पुढच्या लगीनसराईत एका सकाळी आमच्या सिडकोतल्या घराची बेल वाजली. दार उघडलं, तर हा पायपुसण्यावर उभा, आणि तोंडाचा हा एवढा आ! बोटं आतच ठेवून बोलत होता, त्यामुळं काय म्हणतोय कळेना.

मीनानं वाकून बघितलं. "दोन जातात."

"मग?" मी विचारलं.

"भुलीला तीन लागतात, आई. लग्नाला दोन चालतील."

सुवर्णाला आता मुलगा आहे.

*

मीनाच्या हाताखाली एक डॉक्टर आला होता, केरळकडचा, थॉमस. लई हुशार, लई नम्र. मराठी शिकायचा ध्यास. त्याच्या पहिल्याच महिन्यात पिशोरकडची एक बाई आणली, डावा हात-पाय गेलेला. भूल देताना पोट रिकामं लागतं, नाहीतर खाल्लेलं उलटून छातीत जातं. थॉमसनं तिच्या पोराला विचारलं, "आईने काय खाल्लं?"

"काही नाय साहेब, आज एकादशी हाय. कडक उपवास!"

थॉमस खूश. पोट रिकामं! मीनाला फोन केला, "मॅडम, पेशंट फास्टिंग आहे, झोपवायची तयारी करतो."

मीना जिना चढत होती. ती म्हणे तिथूनच ओरडली, "थांब! हात लावू नको!" धावत आली, पोराला समोर उभं केलं. "उपवासाला काय काय खाल्लं?"

"काहीच नाय मॅडम. साबुदाण्याची खिचडी तेवढी."

"आणि?"

"भगर. तिच्यासंगं शेंगदाण्याची आमटी."

"आणि?"

"रताळ्याचा कीस. दोन केळी. आन् निघताना शेजारच्या काकूनं राजगिऱ्याचा लाडू दिला, देवाचा म्हणून."

"एरवी दुपारी काय खातात?"

"एरवी? अर्धी भाकर, मॅडम. म्हातारं माणूस, जेवण जात नाय तिला."

थॉमस भिंतीला टेकला! मग काय, भरल्या पोटाच्या पेशंटची काळजी घेतात तशी सगळी घेऊन मीनानं बाईला जागंच ठेवलं. काझींनी गाठ काढली, बाई आठवड्यात चालायला लागली. आणि थॉमस? परवा म्हणे एका नातेवाइकानं सांगितलं, "साहेब, पेशंटला उपवास हाय." थॉमसनं डोक्याला हात लावला. "अरे बाप रे! मग तर लई खाल्लं असेल!"

*

काझी डॉक्टर मूळचे शहरातलेच. मला अम्मा म्हणतात. इतवारी माझ्या हातची ज्वारीची भाकरी आणि ठेचा खायला येतात, आणि जेवताना मीनाशी भांडतात.

एका इतवारी काझी म्हणाले, "मॅडम, सरळ झोपवत चला. भिंतीत खिळा ठोकताना भिंत हलली तर कसं चालेल?"

मीना म्हणाली, "झोपवताना ब्लडप्रेशर पडलं तर मेंदूला उरलंसुरलं रक्तही मिळत नाही, सर. आणि वेळ जातो तो वेगळाच."

"पाच मिनिटं!"

"तुमची पाच मिनिटं मला माहितीयत. जेवायला पाच मिनिटांत येतो म्हणता, भाकऱ्या गार होतात."

मी काझींना म्हटलं, "अहो, तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघा की."

काझी भाकरी मोडत म्हणाले, "अम्मा, किताब में भी येइच झगडा है!"

पुढच्या इतवारी बघते तर काय, दोघांच्या बाजू उलटलेल्या! मीना म्हणते, झोपवायलाच पाहिजे होतं. काझी म्हणतात, काय गरज होती, जागा ठेवला असता तरी चाललं असतं. मी वाढता वाढता थांबले. "अगं, मागच्या इतवारी तू उलटं बोलत होतीस!"

"मागच्या इतवारी पेशंट वेगळा होता, आई."

काझींनी मान डोलावली आणि ठेचा पुढं ओढला. म्हणाले, "अम्मा, ह्या एका गोष्टीवर आमचं भांडण नाही."

*

फर्दापूरचे एक गाईड होते, लेण्यांमधली जुनी रंगचित्रं दाखवणारे. सगळी हयात टूरिस्टांपुढं बोलण्यात गेलेली. त्यांच्या उजव्या बाजूच्या नसेत गाठ. डावा हात गेला, पण वाणी शाबूत. शाबूत म्हणजे किती! मीनानं विचार केला, माणूस समजूतदार आहे, सांगितलेलं कळतंय, उलटी नाही, धाप नाही. ठेवू जागं.

टेबलावर घेतलं. शेजारच्या स्क्रीनवर मेंदूच्या नसा दिसायला लागल्या, काळ्या काळ्या, झाडाच्या फांद्यांसारख्या. गाईडनी डोळे तिरपे करून बघितलं. "हे कोणत्या लेणीतलं?"

काझी म्हणाले, "तुमच्या डोक्यातलं."

"वा! काम सुरेख हाय. एक फांदी मिटलेली दिसती."

"तीच उघडायला चाललोय. आता बोलू नका, डोकं हलतं."

गाईड गप्प झाले. हे त्यांना किती जड गेलं असेल ते माझं मला माहीत! काझींनी नळी वर नेली, फोटो काढायची वेळ आली. ते मोठ्यानं म्हणाले, "सगळे स्थिर राहा, फोटो घेतोय."

गाईडना राहवलं नाही. ओठ न हलवता म्हणाले, "फ्लॅश मारू नका साहेब, रंग उडतात!"

काझी इतके हसले म्हणे, की त्यांनाच स्थिर व्हायला थांबावं लागलं. मीना म्हणाली, "सर, पेशंट हलत नाहीये. तुम्हाला झोपवू का?"

*

एक शेतकरी आले होते, आडदांड गडी. उजवा पाय गेलेला, पण टेबलावर पडून राहीनात. सारखे उठायला बघायचे. काझी म्हणाले, "मॅडम, झोपवा." मीनानं औषध भरलंसुद्धा होतं. पण ती झोपवायच्या आधी एकदा पेशंटला विचारतेच, "काय होतंय?" ही तिची रीत.

ते म्हणाले, "बाई, मोटर चालू हाय."

"कसली मोटर?"

"विहिरीवरची. आमच्याकडं दिवसाची लाइट आज आली. कांद्याला पाणी सोडलं आन् तिथंच पडलो. पोरांनी मला उचललं, मोटर कुनी बंद केली नाय. वाफे फुटले असतील!"

मीनानं नंबर विचारला, शेजारच्या मळ्यात फोन लावला. मोटर बंद केली, असं तिकडच्या माणसानं स्पीकरवर सांगितलं. गडी उताणा पडला, हातपाय सैल. भरलेलं औषध तसंच ट्रेमध्ये राहिलं.

काझींनी गाठ ओढली. नसेतून रक्त धावायला लागलं तसे आनंदानं ओरडले, "चालू झालं! चालू झालं!"

गडी ताडकन म्हणाला, "आवो, बंद करा म्हनलं ना तिला!"

*

आता माझं.

सकाळची वेळ. मी तव्यावर शेंगदाणे भाजत होते, चटणीसाठी. प्रकाश, माझा मुलगा, औरंगपुऱ्यातलं दुकान उघडायला निघाला होता. मला त्याला सांगायचं होतं की येताना खोबरं आण. सांगायला तोंड उघडलं आणि शब्दच येईना! मनात खोबरं अगदी पांढरंशुभ्र दिसतंय, पण ओठावर काही नाही. उजव्या हातातलं उलथनं खाली पडलं.

प्रकाशनं विचारलं, "आई, काय झालं?" मी गप्प. "रागावलीस का?" मी गप्प. मग त्याचा चेहरा पडला. मी रागावले तर गप्प बसत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत! त्यानं माझं तिरकं झालेलं तोंड बघितलं, गॅस बंद केला आणि मला उचलून गाडीत घातलं.

दवाखान्यात फोटो काढले. गाठ डावीकडं. मला सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं. काझी डॉक्टर हळू आवाजात प्रकाशला म्हणाले, "बोलण्याची जागा आहे. लवकर काढली तर परत येईल. नाही निघाली, तर..." मला वाटलं, आता सगळे किस्से माझ्या आतच राहणार. माठात पाणी आणि माठाला तोंडच नाही, तशी गत.

टेबलावर घेतलं. मीना आली. टोपी, मास्क, नुसते डोळे. घरच्या माणसाला आपण भूल देऊ नये, असं डॉक्टर लोक पाळतात. पण थॉमस दुसऱ्या ऑपरेशनला गुंतलेला, आणि थांबायला वेळ नाही. मी डाव्या हातानं टेबलाची कड धरत होते, सोडत होते, मान वळवत होते. भीती वाटत होती, दुसरं काय.

काझी म्हणाले, "अम्मा हिल रहीं, मॅडम. झोपवा."

मला ओरडून सांगायचं होतं, झोपवू नका गं! झोपेतून उठले आणि बोलणं नसलंच, तर? पण सांगू कशानं?

मीनानं माझ्या डोळ्यांत बघितलं. मग म्हणाली, "नको, सर. जागंच ठेवते. बघू पडून राहतात का. नाहीच राहिल्या तर औषध तयार आहे."

"सास बहू की सुनेगी?"

खोलीतली सिस्टर खुदकन हसली. मीना म्हणाली, "माझं ऐकणार नाहीत, सर. गोष्ट ऐकतील."

तिनं स्टूल ओढलं, माझ्या डोक्याशी बसली. एक डोळा मशीनवर, एक हात माझ्या कपाळावर. जांघेत सुई टोचली, तिथं बधिर झालं. आणि ही सांगायला लागली.

"आई, तुमच्या लग्नाचं सांगते हं. पिशोरला त्या दिवशी एकाच मुहूर्तावर दोन लग्नं होती. आमच्या मामंजींचं वऱ्हाड ट्रॅक्टरमधून आलं..."

ट्रॅक्टर? अगं, ट्रक होता! ट्रॅक्टर होताच कुणाकडं तेव्हा!

"...आणि उतरलं ते चुकून दुसऱ्याच मांडवात शिरलं. तिथल्या लोकांनी पाय धुतले, गंध लावलं, पंगतीला बसवलं..."

गंध नाही, गुलाल! गुलाल लावला! आणि सांगायची ही काय तऱ्हा? आधी त्या मांडवातल्या नवरीच्या बापाचं सांगायला पाहिजे, त्याला कमी दिसायचं म्हणून. ते नाही सांगितलं तर पुढची गंमत काय राहिली? मी छताकडं बघत पडले होते, आणि आतून नुसती जळत होते. डोक्यात एकदम कळ आली, कुणी तरी आतून दोरा ओढावा तशी. मी हलले नाही. मला पुढं ऐकायचं होतं, अजून काय काय चुकवते ते!

काझी म्हणाले, "मॅडम, अम्मा तो पत्थर! काय दिलंत?"

मीनाची गोष्ट थांबली नाही. "...तिकडं खऱ्या मांडवात तुम्ही बोहल्यावर उभ्या. नवरदेवाचा पत्ता नाही. तुमच्या वडिलांनी शोधायला माणूस धाडला..."

मामांनी! मामांनी धाडला!

"आली!" काझी म्हणाले. "पुरी आली, एका खेपेत. मॅडम, प्रेशर बघा."

"बघतेय, सर." आणि तशीच पुढं, माझ्या कपाळावरून हात न काढता, "...तर माणूस जाऊन बघतो काय, तुमचा नवरदेव मुंडावळ्या मागं टाकून, त्या परक्या पंगतीत बसून, मजेत जिलेबी खातोय..."

"बुंदी," मी म्हटलं.

काझींनी स्क्रीनवरचे डोळे काढले. "काय म्हणाल्या? बुंदी? इथं बुंदी कुठनं आली? अम्मा बहक रहीं क्या, मॅडम?"

मीनाचा मास्क डोळ्यांखाली ओला झाला होता.

"नाही, सर," ती म्हणाली. "बुंदीच होती."